कठड्याची उंची

आमच्या घरमालकांना गाडी लागायची. तशी ती पुष्कळांना लागते, पण काकांची अख्खी नोकरी एसटीच्या स्टँडवर, कंट्रोलरच्या खोलीत गेली होती. दिवसभर दुसऱ्यांना गाड्यांत बसवून द्यायचं, कुठली गाडी कुठे लागलीय ते लाउडस्पीकरवरून सांगायचं, आणि स्वतः मात्र सायकलवर टांग मारून खोलीवर यायचं. सख्ख्या भावाच्या लग्नाला ते आष्टीला सायकलने गेले आणि अक्षता पडून गेल्यावर पोचले. हे सांगताना काकूंना इतक्या वर्षांनीही राग यायचा.

मी वाटूरच्या बाजूच्या शाळेवर बदलून आले तेव्हा गावाच्या कडेला, मोसंबीच्या बागेला लागून असलेल्या त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझे यजमान परभणीला नोकरीला. शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी नाव, गाव, जात काहीच विचारलं नाही. कोणत्या गाडीने आलात, फाट्यावर ती किती वेळ थांबली, ड्रायव्हर म्हातारा होता की तरणा, एवढं विचारून घेतलं आणि चावी हातावर ठेवली. भाडं मागाहून काकूंनी सांगितलं.

उंच, हाडकुळा माणूस. घरातसुद्धा खाकी पँट आणि कमरेला पट्टा. बोलणं खणखणीत, आणि महत्त्वाचं काही असलं की दोनदा. "मॅडम, नळाला पाणी आलंय. नळाला पाणी आलंय." पहिल्यांदा मला वाटलं, मला कमी ऐकू येतं असा यांचा समज झालाय. नंतर कळलं की लाउडस्पीकरवर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय रिटायर झाल्यावरही गेलेली नाही. काकूंशी भांडतानासुद्धा ते दोनदा बोलायचे, आणि त्यामुळे भांडण उगाच लांबायचं.

कंट्रोलरच्या खोलीतली त्यांची एक पद्धत होती. गाडी रद्द झाली असं त्यांनी कधी सांगितलं नाही. लेट आहे, लागेल, असंच सांगायचे. मी एकदा म्हटलं, काका, ही तर लोकांची फसवणूक झाली. तर म्हणाले, "रद्द म्हणलं की माणूस तिथल्या तिथं खचतो, मॅडम. लेट म्हणलं की बसून राह्यतो. भाकर सोडतो, बाजूच्याला गाव विचारतो." एक तान्ह्या लेकराची बाई त्यांनी अशीच दुपारपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवली होती. गाडी येणार नाही हे त्यांना दुपारीच माहीत होतं. अखेर अंधार पडायच्या वेळी ओळखीच्या जीपवाल्याला गळ घालून तिला गावाला पोचतं केलं. तिला दुपारीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "उन्हाचं कुठं गेली असती ती."

हा स्वभाव लक्षात घेतला नाही तर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. काही प्रमाणात ते होतंही.

त्यांना एकच मुलगा, पुण्याला इंजिनिअर. त्याचा मुलगा चारेक वर्षांचा असताना इथे आला होता. बागेला पाणी द्यायला म्हणून घरामागे सिमेंटचा एक हौद होता. त्यात ते पोर कपड्यांसकट उतरलं आणि दिवसभर बाहेर निघेना. जाताना आजोबांना म्हणालं, हा छोटा आहे, मोठा करा ना. असं पोरं म्हणतात आणि गाडी फाट्यावर पोचायच्या आत विसरतात. काकांनी मात्र तो हुकूम समजला. रिटायर झाल्यावर आलेल्या पैशांतून त्यांनी हौद लांबरुंद केला, आतून निळ्या फरश्या बसवल्या, चारी बाजूंनी रुंद ओटा घातला, आणि ओल्या पायांनी घसरू नये म्हणून ओट्याला मुद्दाम खडबडीत शहाबादी लावली. गावात त्याला स्विमिंग म्हणू लागले. कंट्रोलरचं स्विमिंग. मी राहायला आले त्याच्या थोडं आधी हे काम पुरं झालं होतं.

फोटो पुण्याला गेले. सूनबाईंना आवडलं. फक्त त्या म्हणाल्या, चारी बाजूंनी उघडं आहे, कठडा नसेल तर मी मुलाला तिथे आणणार नाही. यात काही चूक नव्हती. मीही तेच म्हणाले असते. काकांनाही ते पटलं. आधी कठडा, मग पोरगं येईल, असा हिशोब साधा होता. कठडा कसा हवा तर स्वस्त, आणि एकदा बसवला की परत बघायला नको असा. "खर्चा बेताचा पाहिजे," ते म्हणायचे, "आन् आमच्या मागं कुणावर ब्रश घेऊन बसायची पाळी यायला न्हाई पाहिजे."

मग सुरू झालं. गाडीत बसणार नाही असा हा माणूस, त्यामुळे कठडे बघायला कुठे जायचा प्रश्न नव्हता. कठडेच त्यांच्याकडे यायला लागले. त्या रस्त्याने जाणारे सगळे जुने ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्या ओळखीचे. जालन्याहून, संभाजीनगरहून, नांदेडहून कुणी ना कुणी पाइपाचा, पट्टीचा, जाळीचा तुकडा आणून फाट्यावरच्या चहावाल्याकडे टाकायचा. काका सायकलवरून जायचे आणि तुकडा कॅरिअरला बांधून आणायचे. हौदाच्या कडेला त्यांनी ते तुकडे ओळीने जमिनीत रोवले होते. लांबून पाहिलं तर कुणीतरी निरनिराळ्या जातीची झाडं लावलीत आणि त्यातलं एकही जगलं नाही असं वाटायचं.

रोज सकाळी ते त्या ओळीला बोअरचं पाणी घालायचे. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारट, बादलीला पांढरा थर धरतं. त्या पाण्याने कोण टिकतं ते बघायचं होतं. साध्या लोखंडावर रंगाखालून फोड आले. चकचकीत स्टीलवर आठवडाभरात तांबूस ठिपके उमटले. ते बघून काकांना दुःखच झालं, कारण स्टीलवर त्यांचा जीव होता. लाकडाच्या तुकड्याला वाळवी लागली. प्लॅस्टिकचा एक पांढराशुभ्र कठडा कुणीतरी फार कौतुकाने आणून दिला होता, तो एका उन्हाळ्यात वाकून म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला. एका कंडक्टरने जुन्या हॉटेलातून जाड काचेचा तुकडा आणला. काकूंनी विचारलं, पाण्याचे डाग रोज कोण पुसणार? काचेचं तिथेच संपलं.

उन्हाळ्यात आणखी एक परीक्षा असायची. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ते बाहेर जायचे आणि प्रत्येक तुकड्याला मनगटाची आतली बाजू टेकवायचे. आया बाटलीतलं दूध बघतात तसं. लहान पोराचा हात कोवळा, ओलं अंग घेऊन तो कठडा धरणार, चटका बसला तर परत पाण्याजवळ जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसांत त्यांच्या मनगटावर आडव्या लाल खुणा असायच्या. मला हसूही यायचं आणि कसंतरीही व्हायचं.

आडव्या पट्ट्या त्यांनी केव्हाच बाद केल्या होत्या. आडवी पट्टी म्हणजे पोराला शिडीच. उभ्या सळया हव्यात, आणि दोन सळयांत अंतर एवढंच की डोकं अडकणार नाही. आता डोकं केवढं? काकांनी घरातला तांब्या घेतला. नातू आला होता तेव्हा त्याचं डोकं एवढं होतं, असं ते हाताने दाखवायचे. काकूंना ते मान्य नव्हतं. एका रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा काकांनी सूनबाईंना सांगितलं की टेप घे आणि त्याच्या डोक्याचं माप सांग. सूनबाई म्हणाल्या की तो खेळायला गेलाय, बघते नंतर. ते माप आलं नाही. काकांनी पुन्हा विचारलं नाही, आणि तांब्यावरच भागवलं.

आता वाटतं, चूक तिथे होती. मोबाइलमध्ये चेहरा दिसतो, उंची दिसत नाही. चेहरा जरा लांबट होत गेला तरी रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि यांना तर त्यातही ते चार वर्षांचं पोरच दिसायचं. मी शाळेतली, पोरं कशी वाढतात ते मला रोज दिसतं. पहिलीत आलेलं पोर बघता बघता बाकाखाली पाय मावत नाहीत म्हणून आडवं बसायला लागतं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "ते तुमच्या शाळेतले, मॅडम. आमचा बारीक चणीचा हाये. बारीक चणीचा हाये."

हे सगळं किती वर्षं चाललं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मधली कोरोनाची वर्षं काकांना सगळ्यात सोपी गेली. कुणीच कुणाकडे जात नव्हतं, त्यामुळे हिशोब द्यावा लागत नव्हता. मुलगा एकटा कधी यायचा, कामासाठी जालन्याला आला की तासभर चक्कर टाकायचा, सातबाऱ्याचं बघायचा, आईला औषधं द्यायचा आणि जायचा. वाईट नव्हता तो. मी सुरुवातीला त्याच्यावर फार चिडायचे, मनातल्या मनात बोलायचे. पुढे माझीच बदली व्हायची लक्षणं दिसेनात आणि मला माझ्या आईकडे जायला वर्ष वर्ष जमेना, तेव्हा ते बोलणं आपोआप बंद झालं.

मंठ्याचा एक वेल्डर होता, तोही म्हातारा व्हायला आला होता. काका त्याला निरोप धाडायचे, तो मोटारसायकलवर यायचा, माप घ्यायचा, चहा प्यायचा. मग काका म्हणायचे, अजून एक तुकडा यायचाय बीडहून, तो बघू मग ठरवू. वेल्डर म्हणायचा, काका, हौदाला कठडा पाहिजे की तुम्हाला रोज भेटायला माणूस? आणि निघून जायचा.

मीही वैतागले होते. एका दुपारी काकू मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांच्याजवळ जाऊन मी म्हटलं की काकांनी आता एकदाचं ठरवून टाकावं, गाव हसतं. जीआय पाइप आहे, पाण्याच्या लाइनला वापरतात तोच; त्याला ना रंग लागत ना गंज धरत, परवडतोही. त्या ओळीत तोच एकटा पहिल्यासारखा उभा आहे, मला यातलं काही कळत नाही तरी ते दिसतं. काकू मेथीचे देठ मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना दिसत न्हाई का माय? पहिल्या सालीच दिसलं. पण कठडा उभा राह्यला आन् तरी ते आले न्हाई, तर मंग काय म्हणायचं?"

त्यानंतर मी काकांना त्यावरून कधी टोकलं नाही. आणि त्यांचा मनोमन राग येत होता तो गेला. त्याजागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीला सूनबाईंचाच फोन आला. दिवाळीला आम्ही तिघं येतोय, कठडा झाला का? काकांनी फोन ठेवला तसा सायकल काढली आणि मंठ्याचा रस्ता धरला. निरोप धाडायलाही थांबले नाहीत. आठवड्याच्या आत वेल्डरचं मशीन घरामागे लागलं. जीआय पाइपच, उभ्या सळया, दोन सळयांत तांब्या जाणार नाही एवढीच फट, एका बाजूला खटक्याचं फाटक. ओळीतले बाकीचे तुकडे काकांनी उपटून भंगारवाल्याला दिले.

उंचीवरून मात्र वाद झाला. वेल्डर म्हणत होता, कमरेच्या वर घ्या, सगळीकडे तसंच करतात. काका ऐकेनात. कठडा त्यांना स्वतःच्या मांडीपर्यंतच हवा होता. पोर त्याच्यामागे उभं राहिलं की त्याला वरून पाणी दिसायला पाहिजे, कोंडल्यासारखं वाटायला नको. "त्याची छाती इथं येती," ते मांडीवर हात ठेवून सांगत होते, "म्हणजे बराबर." वेल्डरने माझ्याकडे पाहिलं. नातू तेव्हा सातवीत होता. मी म्हटलं, काका, सातवीतली पोरं माझ्या खांद्याला लागतात. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते वाकून सळयांमधून तांब्या जातो का ते बघत होते.

दिवाळीला ते आले नाहीत. मुलाचा कुठलासा क्लास सुरू झाला होता, सुट्टीतही चालणारा. काकूंनी केलेल्या करंज्या आम्ही आणि वेल्डरने खाल्ल्या. काका म्हणाले, दिवाळीत पाणी गार असतं, आले नाहीत ते एका परीने बरंच झालं. उन्हाळ्यात मजा. मग ते खरंच कामाला लागल्यासारखे उन्हाळ्याच्या तयारीला लागले.

आमच्याकडे शाळेला सुट्टी लागते तेव्हा विहिरींना तळ दिसायला लागलेला असतो, आणि पाणी असतं तेव्हा शाळा असते. दिवाळीसाठी काठोकाठ भरलेला हौद काकांनी तसाच ठेवला आणि वरून सोयाबीन झाकायच्या ताडपत्र्या ताणून बांधल्या, वाफ होऊन जाऊ नये म्हणून. कमी झालं की बोअरमधून घालायचे. फेब्रुवारी सरता बोअर थकला. दिवसाआड एक तास चालायचा, मग अर्धा तास. एवढं पाणी हौदाला द्यायचं की मोसंबीला, हा प्रश्न आला. काकांनी हौदाला दिलं. बांधाकडची झाडांची ओळ आधी मलूल झाली, मग पानं गळाली, मग फांद्या काटकीसारख्या मोडायला लागल्या. ती झाडं काकूंनी सून म्हणून या घरात आल्यावर लावली होती. त्या भांडल्या नाहीत. सकाळी भांडी घासलेलं पाणी बादलीत साठवायच्या आणि नेऊन एकेका झाडाच्या बुडाशी ओतायच्या. एवढ्याने मोसंबी जगत नाही हे त्यांनाही माहीत होतं. काका खाटेवर बसून ते बघायचे आणि मान फिरवायचे. त्या दिवसांत त्या घरात फार कमी बोललं जायचं. मला संध्याकाळी शाळेतून घरी यायला नको वाटायचं.

मे महिन्यात आष्टीला सूनबाईंच्या नात्यातलं लग्न निघालं. लग्न आटोपून दुपारी वाटूरला येतो, असा मुलाचा फोन आला, आणि या वेळी तिघंही.

काकांनी आदल्या दिवशी ताडपत्र्या काढल्या. पाण्यावरचा पालापाचोळा चाळणीने गोळा केला. कठडा ओल्या फडक्याने पुसला, सबंध, एकेक सळई. मंठ्याच्या बाजारातून एक नवा टॉवेल आणि पोहायची निळी चड्डी आणली होती, ती कठड्यावर वाळत घातल्यासारखी टाकून ठेवली, म्हणजे पोराला आल्याआल्या दिसेल. पाणी खरंच सुंदर दिसत होतं. चहूकडे भाजलेली जमीन आणि मध्ये ते निळं पाणी.

गाडी आली. आधी सूनबाई उतरल्या, मग मुलगा, आणि मागच्या दारातून नातू. तो उतरतच राहिला असं मला वाटलं. बापाच्या कानाला लागत होता. ओठावर लव आली होती, आवाज फुटला होता. आईने खूण केल्यावर तो काकांच्या पाया पडला, आणि काकांनी सवयीने हात खाली नेला, त्याच्या डोक्यावर ठेवायला. तो उभा राहिला तेव्हा काकांचा हात त्याच्या छातीशीच राहिला होता.

काकू माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्या मागच्या दाराने गेल्या. कठड्यावरची ती चड्डी त्यांनी उचलली, पदराखाली धरली आणि आत नेली. टॉवेल राहू दिला.

धपाटे आणि दही झालं. पोराने अर्धा धपाटा खाल्ला. लग्नात जेवण झालं होतं. वागायला चांगलं होतं ते, विचारलं त्याचं उत्तर द्यायचं. मग काका म्हणाले, चल, तुझं स्विमिंग बघ. तो मोबाइल घेऊन मागे आला. काका फाटकाचा खटका काढायला वाकले, कसा लहान पोराला उघडत नाही ते दाखवायला. तोपर्यंत पोराने कठड्यावरून एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि ओट्यावर जाऊन उभं राहिलं. त्यात उद्धटपणा काही नव्हता. वाटेत दगड आला तर माणूस ओलांडतो, तसं. त्याने पाण्याचा एक फोटो काढला. छान आहे आजोबा, म्हणाला. काकांनी विचारलं, उतरतो का? त्याने आईकडे पाहिलं. सूनबाई म्हणाल्या, कपडे आणलेले नाहीत, आणि हल्ली याला पोहायला आवडत नाही, बॅडमिंटन खेळतो. त्या अगदी सहज बोलल्या. हा हौद कुणाच्या शब्दाखातर मोठा झाला हे त्या विसरल्या असाव्यात, किंवा त्यांना ते कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

अंधाराच्या आत मोठ्या रस्त्याला लागायचं म्हणून ते चहा घेऊन निघाले. काका गाडीबरोबर फाट्यापर्यंत सायकलने गेले नाहीत, एरवी मुलगा आला की जायचे. दारातूनच हात केला.

गाडी गेल्यावर काकूंनी पदर खोचला. हौदात पाण्यातली मोटर सोडली, पाइप बांधाकडच्या ओळीपर्यंत ओढत नेला आणि बटण दाबलं. काका जवळच होते. त्यांनी अडवलं नाही. त्या वाळलेल्या ओळीत जिवंत झाडं दोन-तीनच उरली असतील.

मी कपबशा गोळा करायला मागे गेले तर ते कठड्याशी उभे होते, एक हात मांडीला लावून. मोटरचा आवाज होता, त्यामुळे ते आणखीच मोठ्याने बोलले. "मापात चूक झाली, मॅडम. मापात चूक झाली."

मला रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी काहीतरी बोलले. म्हटलं, काका, आता तो मोठा झालाय, त्याला कठड्याची गरज नाही.

"वरून अजून पाइप चढवता येतो," ते म्हणाले. "वेल्डरला मी मागंच विचारून ठिवलंय." मग माझ्याकडे वळून, अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "तुम्ही शाळेतल्या. पोरं कितव्या वर्षापर्यंत वाढून राह्यतात?"

"अठरा-एकोणीसपर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरचा हात उचलला. कमरेशी धरला, मग छातीशी, मग खांद्याच्याही वर नेला आणि तिथे थोडा वेळ तसाच ठेवला.

"मंग त्याच हिशोबानं करू," ते म्हणाले. "आता मधी कुठं भेट व्हायची."